हंसराजावरची गळती

कस्तुराबाईनं कुरवंड्याच्या शिवेवरचा महादेव पिशवीत घालून आणला, रेल्वेच्या चाळीत आपल्या गॅलरीत बसवला आणि नवऱ्याला घेऊन पसार झाली, अशी बातमी त्रेसष्ट सालच्या वैशाखात लोणावळ्याच्या बाजारात फिरत होती. पिठाच्या गिरणीत बातमी निघाली तेव्हा महादेव मुठीएवढा होता. भाजीवाल्यांकडे पोचेपर्यंत तो नारळाएवढा झाला, आणि स्टेशनापलीकडे गेला तेव्हा त्याला म्हणे घाम फुटत होता.

आता खरं सांगायचं तर कुरवंड्याचा महादेव कुरवंड्यातच होता. तिथल्या गुरवानं बातमी ऐकून गाभाऱ्यात जाऊन हात लावून खात्री करून घेतली. कस्तुराबाईच्या गॅलरीत होता तो लोणच्याच्या बरणीतला गोटा. इंद्रायणीच्या पात्रात सापडलेला, काळाभोर, गुळगुळीत, कैरीच्या फोडी खारात बुडून राहाव्यात म्हणून वर ठेवायचा. जुनं लोणचं संपलं होतं, नवं घालायचं होतं, म्हणून त्या दिवसांत गोटा रिकामाच होता. त्याला दुसरं काम कसं मिळालं आणि त्या कामातून तो देवपदाला कसा चढला, ही हकीकत बातमीपेक्षा मजेची आहे. शिवाय तिच्यात पदरचं काही घालावं लागत नाही.

कस्तुराबाई म्हणजे घाटात रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगचा मुकादम सोपान याची बायको. उंचीनं बेताची, पण आवाज असा की चाळीच्या या टोकाला ती स्वतःशी पुटपुटली तरी त्या टोकाच्या खोलीतलं पोर रडायचं थांबे. दोन खोल्यांचं बिऱ्हाड आणि पुढं गॅलरी. इतरांच्या गॅलरीत लाकडं, गोवऱ्या, मोडका पाळणा असं काहीबाही असे. हिच्या गॅलरीत डालड्याचे डबे, गळके माठ, बूड गेलेली बादली, आणि त्या सगळ्यांतून झाडं. अबोली, शेवंती, पानफुटी, कोरफड, कुणाच्या बंगल्यातून फांदी मागून आणलेलं रंगीत पानांचं एक झाड. तांदळाचं धुवण पानफुटीला, चहाचा चोथा शेवंतीला, आणि नवऱ्यावरचा राग निवडुंगाशेजारी बसून.

एकदा चाळीची तपासणी करायला साहेब आला. गॅलरी मोकळी ठेवायची, डबे हलवा, म्हणाला. कस्तुराबाईनं वाद घातला नाही. फुललेल्या शेवंतीचा एक डबा उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, हा धरा, बाकीचे उद्या हलवते. साहेब ट्रॉलीवर मांडीवर डबा घेऊन बसून गेला. बाकीचे डबे जिथल्या तिथं राहिले, आणि साहेब पुन्हा कधी त्या जिन्यानं वर आला नाही.

पण या सगळ्या प्रजेचा राजा होता हंसराज. कोथिंबिरीसारखी नाजूक पानं, आणि देठ असे की बाईचे काळे केस. घाटातल्या बोगद्याच्या तोंडाशी कातळातून पाणी झिरपायचं, तिथं हा वाढे. एका पावसाळ्यात सोपान मुकादमानं तो मुळासकट काढला, ओल्या मुंडाशात गुंडाळला आणि घरी आणला. लग्नानंतर त्यानं बायकोसाठी आणलेली ही पहिली वस्तू, असं चाळ म्हणते. कस्तुराबाई म्हणते, त्याआधी एक पातळही आणलं होतं, पण त्याचा रंग सांगण्यासारखा नाही. पुढं त्या कातळावर रेल्वेनं सिमेंटचा गिलावा केला, झिरा बुजला, आणि तिथला हंसराज संपला. राहिला तो एवढाच, डालड्याच्या डब्यातला.

हंसराजाचा स्वभाव मोठा नखरेल. पावसाळ्यात त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही तरी चालतं, पण उन्हाळ्यात एक दिवस माती कोरडी राहिली की पानं भाजलेल्या पापडासारखी होतात. म्हणून कस्तुराबाई फाल्गुन ते ज्येष्ठ कुठं जात नसे. आदल्या वर्षी मात्र बहिणीच्या मुलीचं लग्न उर्स्याला निघालं. जाणं भाग होतं. तिनं शेजारच्या शालूबाईला हात जोडून सांगितलं, की रोज संध्याकाळी एकेक तांब्या घाल, हंसराजाला दोन. शालूबाईनं मान एवढी हलवली की कानातले डूल वाजले. मग तिच्याकडं पाव्हणे आले, पाव्हण्यांच्या नादात झाडं राहिली, आणि कस्तुराबाई परत यायच्या दिवशी सकाळी आठवण झाली. तेव्हा शालूबाईनं राहिलेलं सगळं पाणी एकदम घातलं. उन्हात तापलेल्या डब्यांत झाडं शिजली. अबोली गेली, शेवंती गेली. हंसराजाचा एक हिरवा कोंब तेवढा कुठंतरी तगला.

कस्तुराबाई भांडली नाही, आणि त्यानंच चाळ घाबरली. दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्या बाया असताना हंडा खाली ठेवून ती म्हणाली, "आजपासनं माज्या झाडास्नी कुनाचा तांब्या नको. मी हितं नसले तरी ती जगत्याल. आन न्हाई जगली, तर मी गॅलरीत पुन्यांदा एक डबा ठिवनार न्हाई."

हे नळावर बोललेलं. आमच्या चाळीत नळावर बोललेलं मागं घेता येत नाही.

सोपान मुकादमाचं दुखणं वेगळंच. त्याला दर वर्षी रेल्वेचा पास मिळायचा आणि दर वर्षी तो बाद व्हायचा. जन्म घाटातले रूळ सांभाळण्यात गेला. कुणीतरी त्याला सांगितलं, की तिकडं नीलगिरीच्या डोंगरात एक लायन आहे, दोन रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी आहे, आणि इंजिन त्या दात्यांना धरून शिडी चढल्यासारखं चढतं. तेव्हापासून मुकादमाला झोपेत दाते दिसू लागले. तुझ्या डब्यांपायी मी ते दाते न बघता मरू का, असं त्यानं त्या वैशाखात बायकोला विचारलं. कस्तुराबाई तडक माहेरी, कुरवंड्याला, निघून गेली. चाळीला वाटलं, रुसली.

रुसली नव्हती. कुरवंड्याच्या महादेवाच्या देवळात जाऊन बसली होती. वैशाखात तिथं पिंडीवर गळती बांधतात. वरच्या लाकडाला शिंकं, शिंक्यात मडकं, मडक्याच्या बुडाला बारीक भोक, भोकात वात, आणि वातीतून दिवसरात्र देवाच्या डोक्यावर एकेक थेंब. उन्हाळ्यात देवाला गारवा हवा म्हणून. लहानपणी तिच्या आईनं शिकवलेलं, की रिकामी गळती दिसली तर तशीच पाठ फिरवायची नाही, तांब्याभर पाणी ओतायचं आणि मगच पुढं जायचं. मावळात ही रीत पोरीबाळींनाही ठाऊक असते. कस्तुराबाई त्या थेंबाकडं इतका वेळ बघत राहिली, की गुरवाला वाटलं बाईचा काही मोठा नवस असावा.

परत आल्यावर तिनं कुंभाराकडून पोटाळं मडकं आणलं. पहिलं भोक मोठं पडलं, जेवणं होईतो मडकं रिकामं. ते बुजवून दुसरं पाडलं, तर थेंबच येईना. मग मुकादमाच्या जुन्या धोतराची घट्ट वात वळून तिनं ती मागंपुढं सरकवत बसवली, आणि थेंब पडायला लागला तो असा, की दोन थेंबांच्या मध्ये माणसानं जांभई द्यावी. मडकं गॅलरीच्या वाशाला टांगलं. खाली हंसराज. पण एकाच जागी पडणाऱ्या थेंबानं माती उकरली आणि मुळं उघडी पडली. तेव्हा तिला बरणीतला गोटा आठवला. तो तिनं हंसराजाच्या बुंध्याशी ठेवला. थेंब गोट्यावर पडे, फुटे, आणि चहूकडं सारखा पाझरे. डब्याच्या बुडातून निघालेलं पाणी खाली अंथरलेल्या गोणपाटात, आणि त्या ओल्या गोणपाटावर बाकीची सगळी झाडं राजाभोवती दाटीवाटीनं बसवलेली, बुडाशी भोकं पाडून, म्हणजे ज्यानं त्यानं खालून प्यावं. दुपारनंतरचं ऊन लागू नये म्हणून समोर गोणपाटाचा पडदा. पडद्याआड गार अंधार झाला.

मुकादमानं विचारलं, हे किती दिस पुरंल. आपण येईतो पुरंल, म्हणाली.

पास काढून नीलगिरीला निघायच्या सकाळी सगळी चाळ जिन्यात जमली. एवढ्या लांब सहज बघायला म्हणून आमच्या चाळीतून आजवर कुणी गेलं नव्हतं. कुणी रडलं, कुणी चटणी दिली. कस्तुराबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिली आणि शालूबाईवर नजर ठेवून सगळ्यांना म्हणाली, "माज्या गॅलरीत कुनी कशाला हात लावायचा न्हाई." आणि गेली.

मद्रासच्या गाडीत खिडकीपाशी बसून तिनं काय पाहिलं, हे विचाराल तर नळ. स्टेशन आलं की तिची नजर फलाटावरच्या नळाकडं. कुठला थेंब थेंब गळतो, कुठला कोरडा. गळणारा दिसला की तिला बरं वाटे. शेजारी बसलेल्या बाईनं एकदा खाली उतरून असा एक नळ बंद केला, तर कस्तुराबाई तिच्याशी पुढच्या जंक्शनापर्यंत बोलली नाही.

उटीला बागेत काचेचं घर होतं आणि त्यात नुसती असलीच झाडं, हंसराजाचे सगळे चुलते-मामे. मुकादम तोंड उघडं टाकून बघत राहिला. कस्तुराबाईनं एक फेरी मारली, एका पानाला बोट लावून पाहिलं, आणि बाहेर आली. "हितं ढगच खाली येऊन पानी घालतो," ती म्हणाली. "ह्यात माळ्यानं काय केलं? त्यानं आमच्या चाळीत चैत काढावा, मंग मी मुजरा करीन." आणि खरोखरच त्या बागेतून ती ताठ मानेनं बाहेर पडली, जशी काही बाग तीच दाखवायला आली होती.

परतायच्या दिवशी कुन्नूरच्या स्टेशनात घोटाळा झाला. चढताना खिडकीतून नीट न दिसलेले दाते जवळून बघायला मुकादम रुळांपाशी उतरला, पोटावर आडवा झाला, दात्यांवरून हात फिरवला, समाधानानं उठला, आणि उठताना त्याचा पाय खडीत मुरगळला. घोटा तांब्याएवढा सुजला. तिथल्या गँगच्या मुकादमानं, एकाच धंद्यातला माणूस म्हणून, आपल्या क्वार्टरमध्ये जागा दिली. भाषा एकमेकांची कळत नव्हती, पण पाय सगळ्यांना कळत होता.

दिवस जाऊ लागले. कस्तुराबाई रोज पायाला लेप लावी आणि रोज मनात मडक्यात डोकावून बघे. अर्ध्यावर आलं असेल. बुडाशी आलं असेल. एका दुपारी लेप वाटता वाटता तिचा हात थांबला. आज संपलं, ती म्हणाली. मुकादम ओशाळून म्हणाला, तू एकटी जा, मी येतो मागनं. तिनं त्याच्याकडं बघितलं. हंसराज पुन्हा मिळणार नव्हता, आणि लायनीवर पालथं पडून दाते कुरवाळणारा नवराही. ती लेप वाटत राहिली, जरा जास्त जोरानं.

इकडं चाळीत काय झालं, ते आता ऐका. कस्तुराबाईच्या टोकाला ऊन चांगलं येई, म्हणून चाळीतली सगळ्यांत वडीलधारी धोंडाबाई तिथं कुरडया वाळत घालायला गेली. तिची नजर अधू, पण कान चोख. पडद्याआडून टप्प असा आवाज आला. मग जरा वेळानं टप्प. धोंडाबाईनं पडदा बाजूला केला. आत अंधार, भोवती हिरवा पाला, वर शिंक्यात मडकं, खाली काळा ओला गोल दगड, आणि त्याच्या डोक्यावर थेंब. धोंडाबाईनं कुरडयांचं सूप खाली ठेवलं आणि पदर डोक्यावर घेऊन हात जोडले.

संध्याकाळपर्यंत चाळीला सगळं उमगलं होतं. म्हणूनच कस्तुराबाई माहेरी जाऊन देवळात बसली होती. म्हणूनच एवढ्या लांब निघाली, नवस फेडायला. आणि म्हणूनच कुणी हात लावायचा नाही म्हणाली. सोवळ्यातला देव तो. शालूबाईनं वाकून वास घेतला आणि सांगितलं, देवाला हिंगाचा सुगंध येतो. दोघीतिघींनी वास घेतला. येत होता.

त्यानंतर हंसराजाला जे वैभव आलं ते उटीच्या बागेलाही नसेल. बेलाची पानं आली, पांढरी फुलं आली, वाशाला कुणीतरी घंटा बांधली. गॅलरीच्या तोंडाशी चपला निघू लागल्या. एका सोमवारी धोंडाबाईनं दुधाचा अभिषेक केला, त्याला मुंग्या लागल्या, मग शालूबाईनं आपल्या अधिकारात दूध बंद केलं. अधिकार असा, की शेजार तिचा. आणि ज्या दिवशी वरून थेंब यायचा थांबला, त्या दिवशी पहिलं लक्ष तिचंच गेलं. तिनं स्टुलावर चढून, मडक्याला बोट न लावता, वरून हंडाभर पाणी सोडलं. दुसऱ्या दिवसापासून पाळ्या लागल्या. रिकाम्या गळतीपुढून तसंच जायचं नाही, हे शालूबाईलाही तिच्या आईनं शिकवलेलं होतंच. पाव्हणे तिच्याकडं याही वर्षी आले. त्यांनाही तिनं एकेक तांब्या घालायला लावला.

मुकादम काठी टेकत टेकत लोणावळ्याच्या फलाटावर उतरला, तेव्हा कस्तुराबाईचं सगळं ठरलं होतं. डबे भंगारवाल्याला द्यायचे. नळावर जाऊन, शब्द दिला होता तसं झालं, असं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. स्टेशनापासून चाळीपर्यंत ती पुढं झपाझप चालत राहिली. मुकादम मागून लंगडत येत होता आणि आपण मुळात दाते कशाला बघितले याचा विचार करत होता.

जिन्यापाशी चपलांचा ढीग. एवढ्या चपला चाळीत एकाच कारणानं निघतात, कुणी गेलं की. ती धावत वर गेली. गॅलरीत बाया ओळीनं उभ्या, प्रत्येकीच्या हातात लोटा. तिला बघून त्यांनी वाट दिली, आणि काहींनी चक्क नमस्कार केला. तिनं पडदा बाजूला सारला.

हंसराज डब्यात मावत नव्हता. जुन्या पानांतून नवे कोंब वर आलेले, अजून गुंडाळलेल्या मुठींसारखे, आणि पालवी गोट्यावर झुकून आलेली. गोट्याला भस्म, वर बेल. भोवतीची झाडं तकतकीत. एका बाजूचं एक पान तेवढं समईच्या आचेनं करपलेलं. कस्तुराबाई खाली बसली, मातीत बोट खुपसलं, ओल कुठवर आहे ते पाहिलं. मग ते करपलेलं पान खुडलं आणि कुणी दिवा एवढा जवळ ठेवला, असं विचारलं. मग तिनं सगळ्यांदेखत महादेव उचलला, पदरानं पुसला, वास घेतला आणि नवऱ्याच्या हातात देत म्हणाली, "आत बरणीपाशी ठिवा. कैऱ्या आनायच्यात."

धोंडाबाईच्या हातातला लोटा तिरपा होऊन पायावर सांडू लागला. तिनं हळूच विचारलं, कस्तुरे, बरणीपाशी कशापायी? मग कस्तुराबाईनं सांगितलं. मडकं कशाला, वात कशाची, गोटा कुठला, सगळं. एकेक वाक्याला एकेक लोटा खाली येत गेला. मागं कुणीतरी हसलं, मग बरीच हसली. कुणाचा तरी नवरा म्हणाला, म्हणजे आमच्या घरात सोमवारी उपास झाला तो लोणच्याचा. धोंडाबाईही शेवटी तोंडावर पदर धरून हसली.

हसली नाही ती शालूबाई. सगळ्यांत जास्त हंडे तिचे होते. ती पुढं आली, कमरेवर हात ठेवला, आणि चाळीला वाटलं, आता खरी मजा. "आमाला येड्यात काडलंस ते काडलंस," ती म्हणाली. "पर नळावर काय बोलली व्हतीस? कुनाचा तांब्या नको. तुजं मडकं तर कवाच कोरडं पडलं व्हतं. मी चडले स्टुलावर, मी वतलं. झाडं जगवली कुनी मग? आमच्याच तांब्यांनी ना? सांग की आता समद्यांम्होरं."

सगळ्यांच्या माना कस्तुराबाईकडं वळल्या. बोलणं खरं होतं, आणि नळावरचा शब्दही सगळ्यांना पाठ होता. मुकादम दारात गोटा हातात घेऊन उभा राहिला, ठेवायचं विसरून. कस्तुराबाईनं मडक्याचा झोका हातानं थांबवला, वात नीट केली, थेंब पुन्हा सुरू झालेला पाहिला, आणि मग शालूबाईकडं वळली.

"गेल्या साली झाडं हायती म्हनून तुला हात जोडून सांगितलं, तवा तांब्याभर पानी न्हाई निगालं. औंदा हात लावू नगंस म्हनलं, तर देव हाय म्हनून हंडं वतलंस. मंग जगवली कुनी, शालूबाई?"